डोंगरावरचं जड पोतं

तर एकदा काय झालं, पाय घ्या बघू पांघरुणात, एका राजानं दवंडी पिटवली. दर घरामागे एक पोतं धान्य कर द्यायचा. बंदर असो, पठार असो, डोंगर असो, सगळ्यांना सारखाच.

वसुलीला निघाला राजाचा माणूस तुळाजी. सोबत त्याचा लाडका बैल, हौशा.

आधी तो बंदरावर गेला. तिथे जहाजांचे मालक, कोठारं गच्च भरलेली. पोतं पाठीवर चढवलं, तर हौशा दुडदुडत निघाला. जसा काही कापूसच. मग गेला पठारावर. तिथे घरोघरी वर्षापुरतं धान्य. पोतं घेऊन हौशा सावकाश चालला, पण चालला. मग गेला डोंगरावर. तिथे ठकूबाई राहायची. चार लेकरं आणि खडकातलं शेत. तिचं नाचणीचं पोतं चढवलं मात्र, हौशा मटकन खालीच बसला. उठेचना.

तुळाजीनं स्वतः पोतं उचलून पाहिलं. हलेना. पोतं तेवढंच होतं, बरं का.

"बाई, दगड भरलेत का यात?"

"दगड कुठले, दादा. शिमग्यापासून आखाडापर्यंतच्या पोरांच्या भाकरी आहेत त्या. एवढं एकच पोतं आहे घरात."

रिकाम्या हातानं गेलं तर नोकरी जायची. तरी तुळाजीनं पोतं तिथंच ठेवलं आणि राजाला सगळं सांगितलं.

राजा रागावला. स्वतः डोंगर चढून आला. पोत्याशी झटून घामाघूम झाला, पण पोतं तसूभर सरकलं नाही. मग तो दगडावर बसला.

"तुळाजी," तो म्हणाला, "मोजताना चुकलो मी. कोणाच्या घरात किती आहे, ते विचारलंच नाही."

मग ठरलं. पठारावर एक पोतं, बंदरावर दहा, डोंगराला माफी. बंदरावरचे शेठ कुरकुरले. तुळाजीनं दहाही पोती हौशावर रचली. हौशा शेपटी उडवत चालू लागला.

ठकूबाई मात्र म्हणाली, "माफी नको, महाराज. आम्हीपण याच राज्यातले. ओंजळभर नाचणी घ्या." राजानं ती उपरण्यात बांधून घेतली.

त्या वर्षीच्या करातून डोंगरावर तळं झालं. पुढच्या वर्षी ठकूबाईनं आपणहून पायलीभर नाचणी दिली.

आणि तिची लेकरं? ती पोटभर जेवून केव्हाच झोपली. आता तुम्हीही डोळे मिटा.