म्होरकीचा मासा

नदीवर एकही पूल नव्हता, तेव्हाची गोष्ट. मासे पकडण्यात धारी नावाच्या पाणमांजरीचा हात धरणारं कळपात कोणी नव्हतं, म्हणून म्हाताऱ्यांनी तिलाच म्होरकी केलं.

कळपाने रांग धरून मासे उथळ पाण्याकडे हाकायचे आणि म्होरकीने ती रांग सांभाळायची, अशी रीत होती. पण मोठा मरळ दिसताच धारीने सवयीने बुडी मारली. रांग फुटली आणि बाकीचे सगळे मासे निसटले.

धारीने मरळ काठावर टाकला. "पकडला की नाही?"

"पकडलास, ताई. आता आम्ही काय खायचं?" पिल्लं म्हणाली.

"आम्हाला वाटलं, हिला सगळंच जमेल," म्हातारे पुटपुटले.

"शिकवलंत कधी?" एक तरणी पाणमांजर फणकारली.

धारीने मरळ पिल्लांपुढे सरकवला. एवढा मोठा मासा तिने पूर्वी कधीच पकडला नव्हता, आणि आज तिला त्याच्याकडे बघवेना.