सात पाळणे आणि एक पाट

या, पांघरुणात शिरा. राघू, पाय आत घे. आणि ती यादी ठेव बाजूला. अनघाआत्याच्या लग्नात चॉकलेटचं कारंजं हवं, धूर सोडायचं यंत्र हवं, फोटो काढायला फुलांची चौकट हवी, सकाळपासून ऐकतेय मी. घेऊ की. कोण नाही म्हणतंय? पण आधी गोष्ट ऐका, मग काय लिहायचं ते लिहा.

तर फार फार वर्षांमागं एक गाव होतं आणि त्या गावाला होता एक राजा. मनानं चांगला होता, बरं का. पण त्याला एक खोड होती. चार लोकांनी तोंडावर 'वा वा' म्हटलं की त्याला वाटायचं, झालं, लोक खूश झाले.

राजाला एकच लेक. तिचं नाव मालन. मालन जन्मली आणि तिची आई देवाघरी गेली. मग तिला वाढवलं ठकूदाईनं. न्हाऊ घातलं, भरवलं, गोवर आला तेव्हा उशाशी बसून राहिली. राजवाड्यात कुणाचंही लग्न असो, मुंज असो, ठकूदाई पदर खोचून उभी. हिला वाढ, त्याला वाढ, अगं ती विहीण राहिली, तिकडं भात ने. असं तिचं आयुष्य.

आता या गावाची एक गंमत होती. नदीला एक खोल डोह होता आणि त्या डोहात सात आसरा राहायच्या. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवबाया. भिऊ नकोस गं मिहिके, या आसरा मायाळू होत्या. गावात कुणाचं लग्न ठरलं की घरची बाई डोहावर जायची. काठावर सुपारी ठेवायची, चार अक्षता टाकायची आणि म्हणायची, "आयांनो, घरात कार्य आहे, अमुक अमुक द्या." की दुसऱ्या दिवशी उजाडताना काठावर सगळं हजर. हंडे, पातेली, पराती, समया, जे मागाल ते.

फुकट? छे. एक अट होती ना. कार्य झालं की दिवस मावळायच्या आत सगळं परत न्यायचं, आणि ते ऊबदार असायला हवं. चुलीवर तापवून नाही हं. पाहुणा मनापासून सुखावला की डोहातली वस्तू आपोआप ऊबदार व्हायची. आत्ता मी उठले की माझी जागा कशी गरम लागते, तशी. वस्तू गार परत आली तर आसरा गप्प बसायच्या. दुसऱ्यांदा गार आली तरी गप्प. पण तिसऱ्यांदा गार आली, की डोह कायमचा बंद.

इतकी वर्षं कधी गार आली नव्हती. गरिबाच्या लग्नात पाहुण्याला पोटभर गरम भात मिळाला, की पातेलं डोहावर पोचेपर्यंत ऊब धरून राहायचं.

मग मालनचं लग्न ठरलं.

साखरपुड्याला राजा स्वतः डोहावर गेला. म्हणाला, "आयांनो, मला मांडवाएवढा सोन्याचा मोर द्या. नाचणारा, गाणारा." आसरांनी दिला. मग काय, मोर नाचला, पिसारा फुलवला आणि जो ओरडायला लागला, तो थांबेचना. लोक माना वर करून बघत बसले. माना आखडल्या. चार वर्षांनी भेटलेल्या बहिणी एकमेकींच्या कानात ओरडत होत्या, "काय म्हणालीस?" "काही नाही, जाऊ दे." असं त्यांचं बोलणं. पानातली भाजी गार झाली. निघताना सगळे राजाला म्हणाले, "वा, काय मोर." संध्याकाळी मोर डोहावर नेला, तर बर्फासारखा गार.

मग हळदीला राजानं अत्तराचं कारंजं मागितलं. तेही आलं. ते उडालं आणि मांडवभर शिंका सुरू झाल्या. एका आजीबाईनं पेटीतलं एकुलतं एक पैठणीचं लुगडं नेसलं होतं, त्यावर हे एवढाले डाग पडले. बिचारी नुसती पदर फिरवून डाग लपवत बसली. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ना, तसं होऊन बसलं. लोक पुन्हा म्हणाले, "वा, काय कारंजं." पण कारभारी हुशार होता. त्यानं हात लावून बघितलं, कारंजं गार. मग त्यानं शेकोटी पेटवली, कारंजं चांगलं भाजून काढलं आणि डोहावर नेलं. आसरा अशा फसतात होय? पाण्यात ठेवताच चर्र झालं, कारभाऱ्याच्या मिशा जळाल्या आणि कारंजं होतं तसं गार पडलं.

झालं. दोनदा गार. आता उरलं प्रत्यक्ष लग्न.

राजवाड्याच्या मागे एक बुरूड राहायचा, टोपल्या विणणारा. त्याची लेक येसू ही मालनची मैत्रीण. मालनच्या लग्नानंतर पाचव्या दिवशी येसूचं लग्न होतं. ती रडतच आली. म्हणाली, "मालन, तुझ्या बाबांचं काय, ते शंभर पातेली घडवून घेतील. आमच्याकडं घरात दोन गाडगी आहेत. डोह बंद झाला तर माझ्या वऱ्हाडाला भात शिजवायचा कशात? लग्न मोडेल गं माझं."

मालन तडक उठली. ती बापाकडं गेली आणि म्हणाली, "बाबा, लग्नाचं मागणं मी मागणार." राजाचा मोर हरला होता, कारंजं हरलं होतं. तो म्हणाला, "माग बाई."

पण मागायचं काय? मालनला कुठं ठाऊक. मग तिनं काय केलं, ती गावात निघाली लोकांना विचारायला. तुम्हाला काय बघायला आवडेल, असं नाही विचारलं तिनं. तिनं विचारलं, "लग्नाला येता, तेव्हा तुम्हाला सोसावं काय लागतं?"

पहिले भेटले शेजारच्या गावचे नाना गुरव. म्हातारे, काठी टेकत चालणारे. ते म्हणाले, "पोरी, तीन कोस चालून येतो मी. आल्या आल्या तोंडावर गुलाबपाणी शिंपडतात. तोंडाला काय झालंय माझ्या? दुखतात ते पाय." मालननं ते मनात ठेवलं.

मग भेटली एक तरणी आई, कडेवर तान्हं पोर. ती हसली आणि म्हणाली, "ताई, हा झाल्यापासून पाच लग्नं झाली आमच्या भावकीत. एकदाही अक्षता टाकल्या नाहीत मी. मंगलाष्टकं सुरू झाली की हा भोकाड पसरतो. मग मी आपली मांडवामागं, याला थोपटत." मालननं तेही मनात ठेवलं.

मग ती घरी आली. ठकूदाई दळण निवडत बसली होती. मालननं विचारलं, "दाई, माझ्या लग्नात तुला काय हवं?"

ठकूदाई म्हणाली, "मला? मला काय विचारतेस? मी का पाहुणी आहे?" आणि सूप घेऊन उठून गेली.

मालन तिथंच बसून राहिली. तिला आठवलं, आजवर एवढी लग्नं झाली, पण दाईला पंगतीत बसलेली आपण कधी बघितलीच नाही. सगळे जेवून गेले की ती पातेल्याच्या तळाची खरपुडी काढून खायची, तीही उभ्यानं. आणि आपण रोज तिच्या हातचं जेवलो.

दुसऱ्या दिवशी मालन डोहावर गेली. सुपारी ठेवली, अक्षता टाकल्या आणि म्हणाली, "आयांनो, मला ऊन पाण्याची घंगाळं द्या. सात पाळणे द्या. आणि एक पाट द्या."

राजानं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, लग्नाआधीच पाळणे मागतेस? लोक काय म्हणतील? आणि एकच पाट? राजाच्या घरी पाट नाहीत?" सगळं गाव तोंडाला पदर लावून हसलं. हसू नकोस राघू, झोप जाईल तुझी.

मग लग्नाचा दिवस उजाडला. मांडवाच्या दाराशी तांब्याची घंगाळं. पाणी कितीही घ्या, संपत नव्हतं आणि निवतही नव्हतं. नाना गुरव आले, चौरंगावर बसले, पाय पाण्यात सोडले आणि 'हुश्श' म्हणाले. बराच वेळ तिथून उठलेच नाहीत. इकडं बोहल्यासमोर सात पाळणे टांगलेले. ते आपले आपण हलत होते, हळूहळू. पोरं गाढ झोपली. आणि त्या तरण्या आईनं दोन्ही मुठी भरून अक्षता टाकल्या. नवरीकडं बघताना तिला हसूही येत होतं आणि रडूही.

जेवणं झाली, लोक पांगले. कार्य संपलं तसं घंगाळांतलं पाणीही संपत आलं होतं, मालननं उरलेलं ओतून दिलं आणि पाण्याची धग जाईतो ती थांबली. रिकाम्या घंगाळाला हात लावला, तर ऊबदार. पाळण्यांना हात लावला, तर तेही ऊबदार. मग पाटाला हात लावला. पाट मात्र गार.

कसा नसेल गार? त्यावर कुणी बसलंच नव्हतं. आणि ज्या बाईसाठी तो मागितला होता, ती सकाळपासून जागेवर सापडत नव्हती. मालन बोहल्यावर अडकलेली. तिला दाईचा नुसता पदर दिसायचा, आता या पंगतीत, आता त्या पंगतीत.

दिवस कलायला लागला. येसू दारात उभी राहून सारखी सूर्याकडं बघत होती. व्याही पुढं आले. म्हणाले, "मानाचा पाट दिसतोय, मी बसतो." बसले. उठले. पाट गार. मग राजा बसला. चांगला घटकाभर बसला. पाट गारच.

मालन शालू सावरत धावली स्वयंपाकघराकडं. तर मागच्या अंगणात ठकूदाई उभी, हातात पातेलं, उलथन्यानं तळ खरवडतेय.

"दाई, चल."

"अगं, हात खरकटे आहेत माझे. शालूला लागतील."

"लागू देत."

मालननं तिला हाताला धरून आणलं, पाटावर बसवलं, पान मांडलं. नवा भात टाकला होता, त्याची मूद वाढली. वरण वाढलं, जिलबी वाढली, सगळं स्वतःच्या हातानं. ठकूदाई पानाकडं बघतच राहिली. तिला घास उचलवेना. मग राजा तुपाचं भांडं घेऊन आला, खाली वाकला आणि भातावर तूप वाढलं. म्हणाला, "ठकूबाई, माझी आईवेगळी पोर तुम्ही वाढवलीत. आणि मी तुम्हाला एकदाही 'बसा' म्हटलं नाही. माझं चुकलं. तुमचे उपकार आहेत माझ्यावर."

ठकूदाईनं पहिला घास घेतला. म्हणाली, "लग्नातला भात इतका गरम असतो होय?"

तिकडं सूर्य डोंगराला टेकला. कारभारी चुळबुळ करायला लागला. येसूचा जीव तर मुठीत. मालनलाही दिसत होतं सगळं. पण ती दाईला काय म्हणाली, माहीत आहे? ती म्हणाली, "दाई, सावकाश जेव. भात आणखी आहे." आणि येसू, जिचं लग्न पणाला लागलं होतं ना, ती येसू पंखा घेऊन दाईला वारा घालायला बसली.

ठकूदाई पोटभर जेवली. ताक प्यायली. पानापुढं हात जोडून म्हणाली, "अन्नदात्री सुखी भव." मग उठली. मालननं पाट उचलला आणि तिला तो दोन्ही हातांत धरवेना, असा गरम. उन्हातल्या दगडासारखा. पदरात गुंडाळून नेला तिनं.

सूर्याची एवढीशी कोर उरली होती तेव्हा सगळे डोहावर पोचले. पाण्यातून सात हात वर आले, हिरव्या बांगड्या घातलेले. त्यांनी घंगाळं घेतली, पाळणे घेतले. पाट घेतला, एकीनं दुसरीला दिला, दुसरीनं तिसरीला. सातही जणींनी त्याची ऊब घेतली. आणि मग काय झालं, पाट परत काठावर आणून ठेवला. तो त्यांनी गावालाच देऊन टाकला.

चौथ्या दिवशी येसू सुपारी घेऊन डोहावर गेली, तर न मागताच काठावर पातेल्यांची उतरंड उभी. तिचं लग्न थाटात झालं. मालन सासरी सुखात नांदली, राजा पुन्हा कधी मोराच्या नादी लागला नाही, आणि त्या गावात पहिल्या पंगतीचा पहिला पाट तेव्हापासून उभं राहून राबणाऱ्या माणसाचा झाला. डोहाचं पाणी डोहात, पाट पंगतीत आणि गोष्ट तुमच्या उशाशी.

आता डोळे मिटा.

काय गं मिहिके? मी?

मी कशी बसेन बाळा. तुझ्या आजोबांच्या बहिणींची लग्नं झाली, मग तुझ्या बाबांचं झालं. कुणीतरी वाढायला लागतंच ना. नाही, बसले नाही कधी. आठवत तरी नाही.

यादीत 'आजीचा पाट' लिहितेस? आत्ता? बरं, लिही. कारंज्याच्या वर कशाला लिहितेस, खाली लिही. वरच लिहायचंय? बरं बाई.

हो, बसेन. तू मांड, मी बसेन. डोळ्यांत काही गेलं नाही माझ्या, तू झोप. राघू तर केव्हाच झोपला.