पांढरा उंदीर आणि बंद वाट

एका गावाच्या वेशीबाहेर एक प्रयोगशाळा होती आणि तिथे एक पांढरा उंदीर राहत होता. राहत होता म्हणण्यापेक्षा शिकत होता म्हणा. फळ्यांच्या चक्रव्यूहातून वाट शोधायची, ती ध्यानात ठेवायची आणि शेवटी शेंगदाणा मिळवायचा, ही त्याची शाळा. कधी त्याला पाण्याच्या टबात सोडत. पाण्याखाली कुठेतरी एक लहानसा चौथरा लपवलेला असे, तो पोहत पोहत शोधायचा. वाट चुकली, समोर भिंत आली, तरी घाबरायचं कारण नसे. आहे तिथे शांत बसून राहायचं. थोड्या वेळाने वरून एक हात येई आणि त्याला अलगद उचलून पुन्हा सुरुवातीला नेऊन ठेवी.

एकदा पिंजरा धुतल्यावर त्याची कडी लावायची राहिली. पांढरा उंदीर बाहेर पडला आणि चालत चालत शेजारच्या गव्हाच्या शेतात आला. गहू ओंब्यांवर आला होता, ऊन छान पडलं होतं. तो मोकळ्या जागी उभा राहून आकाशात गोल फिरणारा पक्षी कौतुकाने पाहू लागला.

त्या शेताच्या बांधात एक शेतउंदरीण तिच्या तीन पिल्लांना घेऊन राहत होती. अंगाने मातकट, हडकुळी आणि कामाला वाघ. तिने हे ध्यान पाहिलं, धावत आली आणि त्याला शेपटीला धरून बिळात ओढलं.

"पाहुणं, वर घार फिरतीय आन् तुम्ही पांढरेशुभ्र उघड्यावर उभं? जिवावर उदार झालाय का?"

"घार म्हणजे काय हो, ताई?"

उंदरिणीने कपाळाला हात लावला. ह्याला एकटं सोडलं तर संध्याकाळपर्यंत टिकायचा नाही, हे तिला कळून चुकलं. तिने त्याला ठेवून घेतलं.

शेजारपाजारचे उंदीर कुजबुजले, "आयत्या बिळावर नागोबा." उंदरांच्या जातीत ही म्हण कुणी उगीच वापरत नाही. पण पाहुणा तसा वाईट नव्हता. खायचा जरा जास्त, एवढंच. शिवाय त्याची आठवण दांडगी. अंधाऱ्या बिळातून तो एकदा फिरला आणि सगळी वळणं त्याला पाठ झाली. त्याचा थोडा गर्वही त्याला झाला होता.

"ताई, बीळ चांगलं बांधलंय," तो एकदा म्हणाला, "पण वरची ती अरुंद वाट चुकीची आहे. पुढे भिंत आहे. ती कुठेच जात नाही."

"लागंल तवा जाईल," पिल्लांना दूध पाजता पाजता उंदरीण म्हणाली. त्याला ते पटलं नाही, पण अडाणी बाईशी वाद कशाला, म्हणून तो गव्हाचे दाणे कुरतडायला लागला.

मग एका सकाळी शेतकऱ्याने गव्हाला पाणी सोडलं. पाटाचं पाणी सऱ्यांतून पसरत बांधापाशी आलं आणि खालच्या दारातून बिळात शिरलं. उंदरीण खडबडून उठली. पिल्लांचे अजून डोळेसुद्धा उघडले नव्हते.

"पाहुणं, एक पिल्लू उचला आन् वरच्या वाटेनं पळा. मी मागनं आलेच."

पांढऱ्या उंदराने पिल्लू तोंडात धरलं आणि तो पळाला. वरच्या अरुंद वाटेत शिरला, टोकाला पोहोचला. समोर भिंत होती. त्याने पिल्लू हळूच खाली ठेवलं आणि तो शांतपणे बसला.

दुसरं पिल्लू घेऊन उंदरीण मागून आली ती त्याच्या जाडजूड पाठीवर आदळली. पिल्लू खाली ठेवत ती म्हणाली, "बसलाय काय?"

"वाट चुकली, ताई. आता उचलतील."

"कोण उचलंल?"

"हात येतो. वरून."

मागे पाण्याचा बुडबुड आवाज येत होता. उंदरिणीला त्याचा राग आला नाही, वाईट वाटलं.

"पाहुणं, हितं हात येत न्हाई. पाणी येतंय. ती भिंत न्हाई, बोटभर माती आहे. सापाला दिसू नये म्हणून मीच बंद ठेवलीय. खणा."

वाट इतकी अरुंद, की तिला त्याच्यापुढे जाता येत नव्हतं. जे काही करायचं ते त्यालाच करायचं होतं. त्याने भिंतीकडे पाहिलं. काचेला आणि फळीला नखं लावून काही होत नाही, हे तो लहानपणीच शिकला होता. शिकलेलं खोटं ठरवायला फार जड जातं, शिकलेल्याला तर जास्तच.

"ताई," तो खालच्या आवाजात म्हणाला, "मला खणता येत नाही. मी कधी खणलंच नाही. सांगाल का?"

"पुढचे पाय मारा. माती पोटाखाली घ्या, मागल्या पायानं ढकला. माझ्या अंगावर येऊ द्या, मी बघते."

त्याने पाय मारले. पहिल्यांदा निम्मी माती त्याच्याच डोळ्यांत गेली. दुसऱ्यांदा उंदरिणीच्या तोंडावर. पण थोड्याच वेळात माती ढासळली आणि आत ऊन आलं. दोघं पिल्लांना घेऊन बांधावरच्या गवतात जाऊन पडले.

तिसरं पिल्लू मात्र अजून आतच होतं. उंदरीण परत बिळात शिरली आणि तशीच माघारी आली. मधली वाट पाण्याने भरली होती. वर जेमतेम नाकापुरती हवा राहिली होती. पिल्लांची खोली पलीकडे, जरा उंचावर. पाण्यात उतरणं तिच्या कुळात कुणाला ठाऊक नव्हतं. ती दाराशीच येरझाऱ्या घालू लागली.

"ते मला येतं," पांढरा उंदीर म्हणाला.

तो आत गेला. अंधारात, गार पाण्यात, आठवणीतलं एकेक वळण घेत तो पोहत राहिला. बाहेर उंदरीण पाण्याकडे डोळे लावून बसली होती. किती वेळ गेला कोण जाणे. मग बिळाच्या तोंडाशी आधी एक गुलाबी पिल्लू दिसलं आणि त्याच्या मागे चिखलाने काळा झालेला एक उंदीर. आता त्याला पांढरा कुणी म्हणालं नसतं.

उंदरिणीने एकेका पिल्लाला जवळ ओढून चाटून कोरडं केलं. पिल्लं तीनच होती, पण तिने चौघांना चाटलं.

पुढे पांढऱ्या उंदराने तिच्या शेजारीच स्वतःचं बीळ खणलं. ते इतकं वाकडं झालं, की बघायला लांबलांबचे उंदीर येत. तो त्यांच्याबरोबर हसे आणि पोहायला शिकायचं का, असं ज्याला त्याला विचारी.

तात्पर्य एवढंच: जे येत नाही ते 'येत नाही' म्हणायला लाजू नये, आणि जे येतं ते अडलेल्याच्या कामी आणायला मागे राहू नये.