उताराला न हलणारी मोटार

तुम्ही म्हणाल थापा मारतो, पण अण्णासाहेब रणनवऱ्यांची जुनी पेट्रोलची मोटार लिटरला चौदा किलोमीटर जायची, ती एकदम नवावर आली. अण्णासाहेबांनी भर चावडीसमोर ड्रायव्हर सदबाला धरलं. "वीस वर्षं माझं मीठ खाल्लंस, आता पेट्रोलही पितोस? चोर दाखव, नाहीतर किल्ली ठेव!"

सदबा म्हणाला, "दाखवतो. चला मारुतीच्या उताराला."

अण्णासाहेबांसोबत सगळं गाव निघालं. उतारावर सदबानं मोटार थांबवली, गिअर काढला, हँडब्रेक सोडला आणि सीटवर चक्क मांडी घालून बसला. देवळातून कुणाचा तरी सुटलेला नारळ शेजारून गडगडत खाली गेला, मोटार मात्र ढिम्म.

"अरे, धक्का मारा!" अण्णासाहेब ओरडले.

"साहेब, जिला उतारालासुद्धा धक्का लागतो, ती सपाटीला पेट्रोल पिणारच की! चोर मागच्या चाकात बसलाय. ब्रेक चिकटलाय, हात लावून बघा."

अण्णासाहेबांनी हात लावला. असा चटका बसला की बोटं थेट तोंडात गेली.

सदबानं अदबीनं विचारलं, "मग किल्ली ठेवू, साहेब?"

"ठेव की," अण्णासाहेब बोटं चोखत म्हणाले, "तुझ्याच खिशात!"

तेव्हा कुठं सदबाच्या जिवात जीव आला.