घोरपडीला विष लागत नाही

जंगल विरळ होत जातं आणि गावाची शेतं अजून सुरू झालेली नसतात, तिथं मध्येच एक माळ होता. चार बोरीची झुडपं, सपाट तांबडी जमीन आणि एका कडेला मोठा चपटा खडक. पूर्वी गावातली पोरं रोज संध्याकाळी तिथं खेळायची. लगोरी, लंगडी, आट्यापाट्या, नुसता धुरळा उडायचा. जंगलातली पिल्लं झुडपांत लपून ते बघत बसायची. पुढं गावातली पोरं यायची बंद झाली. का झाली ते मला विचारू नका, तुमचं तुम्हाला ठाऊक आहे. माळ रिकामा पडला तसा पिल्लांनी तो घेतला आणि बघून बघून शिकलेले खेळ तिथं सुरू केले. विटीदांडू तेवढा जमला नाही, पंजात दांडू धरवत नाही ना.

सगळ्यांत आवडता खेळ विषामृताचा. तुमच्यापैकी कोणी खेळलं नसेल म्हणून सांगतो. एकावर राज्य. तो ज्याला शिवेल त्याला विष लागतं, आणि विष लागलेल्यानं जागच्या जागी खाली बसायचं. सुटलेल्या गड्यानं येऊन त्याला हात लावला आणि 'अमृत' म्हटलं की तो पुन्हा उठून पळायला मोकळा. सगळेच्या सगळे बसले की राज्यवाला जिंकला.

या खेळात एक म्हातारी घोरपडही होती. कातडी सैल पडलेली, मागचा एक पाय ओढत चालायची. दिवसभर ती खडकावर ऊन खायची आणि पिल्लं जमली की खाली उतरून म्हणायची, मलाही घ्या. सशाचं पिल्लू ससुला आधी हसला. आजी, तू पहिल्याच फेरीत बाद होशील, म्हणाला. घोरपड काय ऐकते! गावची पोरं खेळायची तेव्हा ती याच खडकावर होती, तिला सगळे कायदे तोंडपाठ. तुमच्यात कच्चा लिंबू नसतो का, असं तिनं उलट विचारलं. जो लहान असेल, दुखणाईत असेल किंवा म्हातारा असेल, त्याला कच्चा लिंबू म्हणून खेळात घ्यायचं. त्याला राज्यवाला कितीही वेळा शिवला तरी तो बाद होत नाही. बाकी मात्र तो सगळं खेळतो. तेव्हापासून घोरपड रोज खेळायची, आणि तिच्याकडं कोणी फारसं लक्ष द्यायचं नाही.

त्या जंगलात एक कोल्हा होता. त्याचा डोळा होता माळावरच्या खडकावर. कोवळं ऊन, वारा, समोर सगळं रान दिसतं, असली ऐसपैस जागा या कार्ट्यांकडं का असावी, हे त्याला रोज सलायचं. पण सरळ मागेल तो कोल्हा कसला. तो पिल्लांच्या आयांकडं गेला आणि गोड गोड बोलू लागला. पोरं दिवसेंदिवस उनाड होतायत, गुडघे फोडून घेतायत, खेळून का कोणाचं पोट भरलंय? माळाला काट्यांचं कुंपण घालू, मी तिथं बसून लक्ष ठेवीन, पिल्लांनी आपापल्या घरी शांत बसायला शिकावं. हरिणीच्या पाडसाचा गुडघा त्याच दिवशी फुटला होता. तिला ते सगळं पटलं, आणि हरिणीला पटलं म्हटल्यावर बाकीच्यांनाही पटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोठी मंडळी बोरीच्या फांद्या ओढत माळावर आली. बघतात तर पिल्लं माळाच्या मधोमध मांडी ठोकून बसलेली. ससुला, मुंगसाचं पिल्लू, रानमांजराची दोन पिल्लं, आणि गुडघ्याला खपली धरलेलं पाडस. आयांनी दटावलं, पण एक हलेल तर शपथ. आम्ही मोठे होईपर्यंत इथंच बसणार, असं पाडसानं आईला तोंडावर सांगितलं. आणि ते जागचं उठलं नाही. हरिणीला राग आला आणि वाईटही वाटलं, कारण पाडस तिला असं कधी बोललं नव्हतं.

तेवढ्यात खडकावरून घोरपड म्हणाली, "कोल्ह्या, लहानपणी तू दर खेळात रडीचा डाव खेळायचास. म्हणून तुला कोणी घेत नव्हतं. आता खेळ बंद करायला निघालास, त्याचं कारण मला माहीत आहे."

हे मात्र कोल्ह्याला फार लागलं. कारण ते खरं होतं. मोठी मंडळी एकमेकांकडं बघायला लागली तसा तो तावातावानं म्हणाला, की खेळात काय ठेवलंय, ही सगळी चिल्लीपिल्ली मी एकटा गारद करीन. विषामृत खेळू, राज्य माझ्यावर. सूर्य टेकडीआड जाताना एकही पिल्लू उभं दिसलं नाही तर माळ माझा, आणि पुन्हा कोणी तोंड उघडायचं नाही. एक जरी उभं असलं तरी माळ तुमचा.

पिल्लांनी एकमेकांकडं पाहिलं. हरलं तर उद्यापासून माळ नाही, लगोरी नाही, काही नाही. पण न खेळताही तेच होणार होतं. पाडस उठून उभं राहिलं. ससुल्यानं तेवढं सगळ्यांसमोर स्पष्ट सांगितलं, की आजी आमच्यात आहे आणि ती कच्चा लिंबू आहे, तिला विष लागत नाही, पण तिनं दिलेलं अमृत चालतं. कोल्हा पोट धरून हसला. "घ्या की तिला," तो म्हणाला. "ती पोचेपर्यंत सूर्य मावळून परत उगवेल. तिला मोजायचं तरी कशाला?"

खेळ सुरू झाला. कोल्हा पळायला खरंच तेज होता, त्यात खोटं नाही. रानमांजराची पिल्लं लगेच बसली. मुंगसानं बरंच पळवलं, पण तेही झुडपापाशी सापडलं. ससुला खडकाजवळ बसला. शेवटी राहिलं पाडस. त्याची खपली निघून रक्त यायला लागलं तरी ते पळत होतं, आणि माळाच्या पार टोकाला कोल्ह्यानं त्याला गाठलं. सगळे बसले. सूर्य अजून टेकडीच्या वर होता. कोल्हा शेपूट फुलवून मोठ्या मंडळींकडं गेला आणि कुंपण कुठून सुरू करायचं ते सांगू लागला.

इकडं घोरपड खडकावरून उतरली होती. पाय ओढत, धापा टाकत ती ससुल्याकडं चालली होती. कोल्ह्याचं लक्ष गेलं तसा तो धावत आला आणि तिला शिवून ओरडला, "विष!" घोरपड चालत राहिली. त्यानं पुन्हा शिवलं. ती चालत राहिली. तो आडवा उभा राहिला, तर ती वळसा घालून निघाली. मग त्यानं दात दाखवले.

घोरपडीनं मान वर केली. "खेळात शिवायचं असतं," ती म्हणाली, "चावायचं नसतं. सगळे बघतायत."

खरोखरच सगळे बघत होते. कोल्ह्यानं जबडा मिटला. घोरपडीनं आपला सुरकुतलेला पंजा ससुल्याच्या पाठीवर ठेवला आणि म्हणाली, "अमृत."

ससुला असा काही सुटला की बास! त्यानं मुंगसाला उठवलं, मुंगसानं रानमांजरांना उठवलं. कोल्हा एकाला बसवायचा तोवर दुसरं उठायचं. आणि मग पिल्लांच्या ध्यानात एक गोष्ट आली. पळून पळून सापडायचंच आहे ना, मग आजीच्या जवळ जाऊन सापडायचं. कोल्हा शिवला की पिल्लू घोरपडीच्या पंजाशीच बसायचं, आणि ती तिथल्या तिथं त्याला उठवायची. ज्या म्हातारीला रोज कोणी विचारत नव्हतं, तिच्याभोवती आता सगळा डाव फिरत होता.

सूर्य टेकडीला टेकला. कोल्ह्याची जीभ बाहेर आली होती. आजीपासून लांब गाठून त्यानं बाकीच्यांना पुन्हा बसवलं होतं, पाडस तर टोकाला पहिल्यापासून बसलेलंच होतं; उभा राहिला होता एकटा ससुला, आणि तो पाडसाला अमृत द्यायला जीव घेऊन पळत होता. कोल्हा त्याच्या मागं. ससुल्याचं पाऊल पाडसाला लागलं, तो 'अमृत' ओरडला, आणि त्याच वेळी कोल्हा ससुल्याला शिवला. ससुला खाली बसला. पण पाडस उठलं, फुटक्या गुडघ्यानं उठलं आणि सुटलं. कुंपणाची फांदी धरून उभी असलेली हरिणी आपण काय करतोय हे विसरून ओरडली, "पळ रे माझ्या राजा, पळ!"

सूर्य गेला तेव्हा पाडस उभं होतं.

कोल्हा म्हणू लागला, की हे चालायचं नाही, ती म्हातारी मध्ये होती म्हणून झालं. हरिणीनं हातातली फांदी लांब भिरकावून दिली. तिला घ्या, मोजायचं कशाला, असं तूच म्हणालास, आता कुरकुर कसली, असं तिनं त्याला सुनावलं. बाकीच्यांनीही आपापल्या फांद्या उचलून नेल्या. कोल्हा दमून होता तिथंच मटकन बसला. त्याच्याकडं कोणी बघेना.

घोरपड पाय ओढत त्याच्यापाशी गेली. तिनं त्याच्या पाठीवरही पंजा ठेवला.

"अमृत," ती म्हणाली. "ऊठ. माळ मिळणार नाही, खडकही मिळणार नाही. पण उद्या खेळायला आलास तर घेऊ तुला. सुरुवातीला कच्चा लिंबू म्हणून."

तात्पर्य काय म्हणाल, तर हे : खेळायची जागा मागून मिळत नाही, ती खेळूनच राखावी लागते, आणि राखायची तर कोणालाच खेळाबाहेर ठेवू नये, कच्च्या लिंबालाही नाही.