क्ष वजा तीन

“म्हणजे वर्ग गहिनीकडे देऊ नये, असं म्हणतोस?” अच्युतबुवांनी विचारलं.

“नयेच, बुवा,” हेरंब म्हणाला. “साध्या उदाहरणाला तो अर्धी सकाळ घालवतो. छेदात क्ष दिसला की याचं सुरू... छेद धन असेल तर? ऋण असेल तर? समोरची मुलं जांभया देतात.”

टेकडीवरच्या त्या मठात बुवा बीजगणित शिकवत. भजनाइतकंच ते मनाला वळण लावतं, अशी त्यांची श्रद्धा. आता त्यांना दिसेनासं झालं होतं. हेरंब आणि गहिनी या दोन जुन्या शिष्यांपैकी एकाला वर्ग सोपवायचा होता, आणि तो आपल्यालाच मिळावा म्हणून हेरंबाचा जीव टांगणीला लागला होता. बुद्धी त्याची तल्लख, यात वाद नाही. ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं, एवढंच.

“मग तुम्हा दोघांत मोठा कोण?”

“मी. उगाच खोटं कशाला बोलू?”

बुवा हसले.

“बरं, मांड. एक भागिले, क्ष वजा तीन. हे एकापेक्षा मोठं आहे. क्ष सांग.”

मठात पाटी-पेन्सिल नव्हती. सगळे धूळपाटीवर बोटानेच लिहीत. हेरंबाने ती पुढे ओढली आणि भराभर उदाहरण मांडलं.

“दोन्ही बाजूंना क्ष वजा तीनने गुणलं. छेद गेला. क्ष चारपेक्षा लहान.”

बोटाची धूळ झटकूनही झाली.

“चारपेक्षा लहान कोणताही चालेल?”

“कोणताही.”

“शून्य घालून बघ.”

हेरंबाने घातलं. एक भागिले उणे तीन... म्हणजे उणे एकतृतीयांश. आणि हे म्हणे एकापेक्षा मोठं!

“आता तीन घाल.”

छेदच शून्य झाला. शून्याने कुणी भागत नाही, हे मठातलं शेंबडं पोरही सांगेल. हेरंबाचे कान तापले.

“छेद ऋण असेल,” तो हळूच म्हणाला, “तर गुणताना मोठ्या-लहानाचं चिन्ह उलटं होतं. मी ते...”

“तू कशाने गुणलंस?”

“क्ष वजा तीनने.”

“ते धन होतं की ऋण?”

“ठाऊक नव्हतं, बुवा.”

“तरी गुणलंस.”

गहिनी रोज हेच तर विचारत होता, आणि आपण त्याची टर उडवत होतो. हेरंबाला मनापासून लाज वाटली. वर्ग हातचा गेला, हेही कळून चुकलं.

शेवटी तो म्हणाला, “वर्ग गहिनीलाच द्या, बुवा. तोच मोठा. मी लहान.”

बोलल्यावर त्याला बरं वाटलं. नम्रपणातही आपण कुणाला हार जाणार नाही, असं काहीसं.

बुवांनी चाचपडत धूळपाटी शोधली. तळहाताने सगळं पुसलं. पाटी पुन्हा हेरंबापुढे सरकवली.

“चिन्ह तेवढं फिरवलंस, हेरंबा. छेदातला ‘मी’ अजून पाहिलाच नाहीस.”