तात्यासाहेबांची काटेरी तार

वय वाढलं की अक्कल वाढते, ही अफवा म्हाताऱ्यांनीच पसरवली आहे. आमच्या गावचे माजी सभापती तात्यासाहेब जाचक यांना साठीत घोडेस्वारीची हुक्की आली. नवी घोडी घेतली, घरामागे मैदान आखलं आणि कुंपणाला काटेरी तार आणली, कारण ती सगळ्यात स्वस्त.

घोडीला शिकवायला येणारी मेहरुन म्हणाली, "तात्या, तारेनं घोडीचं अंग फाटेल. ओढ्याकाठचा तुमचाच बांबू लावा, फुकटात होईल."

"दहावी नापास पोरीनं मला शिकवायचं नाही!" तात्या चारचौघांत गरजले. "दोनदा टोचलं की घोडी आपोआप तारेपासून लांब चालेल."

जमलेल्या जाणत्यांनी लगेच माना डोलावल्या. घोड्यावर त्यातला एकही कधी बसला नव्हता.

मेहरुन शांतपणे म्हणाली, "बरोबर आहे तात्या. नवी घोडी कुंपणाला घासूनच चालते, म्हणजे तार टोचणारच. पण घोडी आणि तार यांच्या मधे स्वाराची मांडी असते. घोडी शिकायच्या आधी तुम्ही शिकाल. या, बसा, रिकीब धरते मी."

तात्यांनी तारेकडे पाहिलं, मग स्वतःच्या मांडीकडे.

"बघत काय उभे राहिलात रे?" ते जाणत्यांवरच खेकसले. "कोयते आणा, बांबू तोडायचाय!"